छोट्या देशाचे दोन इंजिनांचे विमान

मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन किनाऱ्यावर बेलीझ हा चिमुकला देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २३,००० चौरस किलोमीटर. २१ सप्टेंबर १९८१ रोजी तो ब्रिटनपासून स्वतंत्र झाला तेव्हा लोकसंख्या होती जेमतेम दीड लाख. शेजारचा ग्वाटेमाला त्याच्या भूमीवर हक्क सांगत होता. म्हणून ब्रिटनची हॅरियर लढाऊ विमाने १९९३ पर्यंत तेथे राहिली. बेलीझच्या संरक्षण दलाने १९८३ मध्ये स्वतःची हवाई शाखा सुरू केली, ती मात्र दोन ‘डिफेंडर’ विमानांनिशी. त्यांचा वेग ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर! एवढ्या संथ विमानांची निवड का झाली असावी?

याचे उत्तर विमानाच्या रचनेत सापडते. डिफेंडर हे ‘आयलंडर’ या प्रवासी विमानाचे लष्करी रूप. इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर जॉन ब्रिटन व डेस्मंड नॉर्मन यांनी ते घडवले आणि १३ जून १९६५ रोजी ते प्रथम उडाले. खेड्यापाड्यांतील कच्च्या धावपट्ट्यांवर उतरेल आणि साध्या कार्यशाळेत दुरुस्त होईल असे विमान त्यांना हवे होते. म्हणून त्याची चाके पोटात ओढून घेतली जात नाहीत. त्यामुळे हवेचा रोध वाढतो व वेग घटतो; पण बिघडणारी एक यंत्रणाच कमी होते. पंख वर असल्याने पंख्यांना खडी लागत नाही आणि खालचा प्रदेशही नीट दिसतो. कमाल वजन सुमारे ३,००० किलो, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर भार फक्त १०० किलो. भार कमी असल्याने कमी वेगातही विमान हवेत तरंगते व आखूड धावपट्टी पुरते.

आता दोन इंजिनांचा विचार करू. समजा, एक इंजिन १०,००० उड्डाणांत एकदा बंद पडते. मग दोन इंजिने असल्यास बिघाडाची शक्यता जवळजवळ दुप्पट होते! परंतु दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता १० कोटींत एक इतकी उरते. समुद्रावर किंवा दाट जंगलावर उडताना हा फरक जीवनमरणाचा असतो. मात्र हे गणित दोन्ही बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरे. दोहोंच्या टाक्यांत एकच अशुद्ध इंधन भरले, तर दोन्ही इंजिने एकदमच दगा देतील. शिवाय एक इंजिन थांबताच विमान त्या बाजूला वळू लागते. सुकाणूने ते सावरावे लागते. म्हणजे दुसरे इंजिन कामी येते ते वैमानिकाला सराव असेल तरच.

डिफेंडर आक्रमण थोपवू शकले नसते. ते त्याचे कामही नव्हते. किनाऱ्यावर गस्त घालणे, दुर्गम भागात माणसे व सामान पोहोचवणे, हरवलेल्यांचा शोध घेणे ही छोट्या देशाच्या दलाची रोजची कामे. सीमेचा वाद तर दोन्ही देशांतील सार्वमतांनंतर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे गेला.

उत्तम यंत्र कोणते, असा प्रश्न वर्गात आला तर आपण आधी विचारावे: कोणत्या कामासाठी, आणि ते दुरुस्त कोण करणार?