अग्नीभोवतीचे पाणी

कसबा हा शब्द मूळचा अरबी. परगण्यातील ज्या मुख्य गावी ठाणे, बाजार आणि दफ्तर असावयाचे त्यास कसबा म्हणत, आणि जुन्या कागदोपत्री ‘कसबे पुणे’ असा जो उल्लेख येतो तो याच अर्थाने. ‘कसबी’ या शब्दातील कसब हेही अरबीच, परंतु निराळ्या धातूपासून निघालेले. तेव्हा या दोहोंचे नाते जुळविणे व्युत्पत्तिशास्त्राला मानवणार नाही. तथापि जिजाबाईंनी स्थापिलेल्या गणपतीचे दर्शन घेऊन जो कसबा पेठेच्या कुंभारवाड्यातून आणि तांबट आळीतून एकदा हिंडला, त्याला ही चूक करण्याचा मोह आवरणे कठीण जाते.

तांबट आळी, निदान तिचा जो भाग अद्याप वाजता आहे तो, डोळ्यांच्या आधी कानांना सापडतो. पेशवाईत कोकणातून येऊन येथे स्थिरावलेले हे लोक स्वतःस त्वष्टा कासार म्हणवितात, म्हणजे थेट देवांच्या कारागिराशी आपले कूळ जोडतात. १७३२ साली शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली आणि त्याच्या आसपास सरदार, कारकून व शागीर्द यांची जी वस्ती दाटत गेली, तिला मुदपाकखान्याच्या हंड्यांपासून देवघरातल्या ताम्हनापर्यंत आणि स्नानाच्या घंगाळापासून नगाऱ्याच्या भांड्यापर्यंत तांब्याचा जिन्नस पदोपदी लागे. तो पुरविणारी आळी वाड्यापासून हाकेच्या अंतरावर वसावी, यात नवल ते काय! तांब्याचा स्वभाव पोलादाच्या उलट. ठोकता ठोकता ते ताठर होत जाते, आणि लाल होईतो तावून पाण्यात बुडविले की पुन्हा मऊ पडते. भांड्याला आकार आला म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर शेजारी शेजारी ठोके उमटवीत जातात, त्यास मठारकाम म्हणतात. पाहणाऱ्यास ती नक्षी वाटते. तांबटाच्या लेखी तो पत्र्याला आणलेला ताठरपणा असतो, आणि शोभा ही वरकड प्राप्ती.

परंतु या आळीच्या कसबाची खरी कसोटी मला विचाराल तर बंबात आहे. बंब हा शब्द पोर्तुगीजांकडून, पाणी उपसण्याच्या यंत्राच्या नावावरून आलेला. आगीचा बंब तोच आणि न्हाणीघरातला बंबही तोच, फक्त एक अग्नीवर पाणी फेकतो आणि दुसरा अग्नी पोटात घेऊन पाण्याला सांभाळतो. मधोमध एक उभे नळकांडे, त्यात निखारे आणि लाकडाच्या ढलप्या. त्याच्याभोवती दुसरे रुंद पात्र, त्यात पाणी. खाली राखेसाठी जाळी, अंगाला पितळी तोटी. अग्नी आणि पाणी यांच्यामध्ये तांब्याचा एक पातळ पत्रा तेवढा उभा असतो, आणि तांबे उष्णता इतक्या तत्परतेने वाहून नेते की पत्र्याला स्वतःला तापून बसण्याची सवड मिळत नाही. म्हणूनच ‘बंब कोरडा पेटवू नका’ ही ताकीद घरोघरी मुलांना दिली जाई. पाणी नसले की ती उष्णता सांध्याशी तुंबते, झाळलेली डाख वितळते आणि दुसऱ्या दिवशी बंब डोक्यावर घेऊन कसब्यात जावे लागते. पत्रा क्वचितच दगा देतो. दगा देतो तो सांधा.

मोटारीचे एंजिन म्हणजे, स्पष्टच सांगायचे तर, चाके लावलेला बंब. मध्ये ज्वाला, भोवती पाणी. भेद इतकाच की बंबाला पाणी तापवायचे असते आणि एंजिनाला ते फार तापू द्यायचे नसते. फार थंड राहिलेलेही त्याला सोसत नाही, आणि हा मध्यम मार्ग राखण्याचे काम थर्मोस्टॅट नावाच्या लहानशा झडपेकडे असते. १९३४ साली सर्जियस व्हर्नेट याने तिच्या पोटात मेण भरण्याची युक्ती काढली: ठरावीक उष्णतेला, पुष्कळ गाड्यांत ८२ अंशांच्या आसपास, मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे वाहू लागते. आपल्याकडे घाटात उकळलेल्या गाड्या पाहून पिढ्यान्‌पिढ्यांच्या मिस्त्रींनी ‘या मुलखात ही झडप हवीच कशाला’ म्हणून ती काढून टाकण्याचा प्रघात पाडला. हा उपाय मला कधीच पटला नाही. थंड राहिलेले एंजिन पेट्रोल जास्त पिते आणि तेल घाण करते.

ही झडप ज्या ओतीव ॲल्युमिनियमच्या घरात बसते, ज्यास गॅरेजमध्ये हाउसिंग म्हणतात, ते माझ्या जुन्या गाडीचे गेल्या उन्हाळ्यात पाझरू लागले. वर्षानुवर्षे मी कूलंटऐवजी विहिरीचे पाणी ओतीत आलो, त्याची ही शिक्षा. एंजिन गार झाल्यावर पाणी काढून दोन बोल्ट सोडवले, तो रबरी होज ज्या नळीवर चढतो तिच्या कडेला पांढरी भुकटी धरलेली आणि धातू बोराच्या बीसारखा खडबडीत झालेला. झडप मात्र शाबूत होती. पातेल्यात दोऱ्याने टांगून, थर्मामीटर लावून पाहिली, तेव्हा ८० च्या पुढे ती जागी झाली आणि पाणी उकळण्यापूर्वी, म्हणजे पुण्याच्या उंचीवर ९८ च्या आत, पुरती उघडली.

ते खाल्लेले घर खिशात घालून मी तांबट आळीत गेलो, यात व्यवहारापेक्षा हौस अधिक होती. ज्या वृद्ध कारागिराच्या पुढ्यात ते ठेवले, त्यांनी नखाने भुकटी खरवडली, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि ते मला परत दिले.

“हे ओतीव आहे, साहेब. याला ठोका सोसायचा नाही आणि आमची डाख धरायची नाही. नवंच घ्या.”

मग त्यांची नजर त्याच घराला अडकून राहिलेल्या, उष्णता दाखविणाऱ्या काट्याच्या सेन्सरखालच्या तांब्याच्या वायसराकडे गेली. ते त्यांनी सोडवून घेतले, चिमट्यात धरून भट्टीत लाल केले आणि शेजारच्या डब्यातल्या पाण्यात सोडले. चुर्र असा आवाज झाला. पंच्याने पुसून त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवले. अंगठ्याने दाबताच किंचित वाकले.

“हे टाकू नका,” ते म्हणाले, “आता मऊ झालंय, बसेल नीट.”

पैसे किती, हे विचारीपर्यंत त्यांनी पुढचा हंडा मांडीशी ओढून घेतला होता.