परदेशचा पाहुणचार आणि एक अबोल चित्रकार

कलावंतानें परदेशीं जावें कीं नाहीं, हा प्रश्न महाराष्ट्रांत जुना आहे. इंग्रजी अमदानींत त्याचें उत्तर बहुधा ठरलेलें असे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून बाहेर पडलेल्या होतकरू तरुणास कोणी उदार आश्रयदाता भेटलाच, तर त्यानें विलायतेस जावें, तेथील नामांकित कलाशाळेंत नांव घालावें, आणि दोन-तीन वर्षांनीं परत येऊन त्या विद्येच्या बळावर येथें मान्यता मिळवावी. अलिबागजवळच्या सासवणें गांवचे शिल्पकार विनायकराव करमरकर यांनीं कलकत्त्यास स्वतःच्या हातानें नांव मिळविलें होतें. तरीहि १९२० सालीं ते लंडनला गेले ते शिकण्यासाठींच. जाणारा तो विद्यार्थी, तेथला तो गुरु, आणि परत आणावयाची ती विद्या, असा हा सरळ व्यवहार होता.

स्वातंत्र्यानंतर ह्या व्यवहाराचें रूप पालटलें. दुसऱ्या महायुद्धानंतर कलेची राजधानी पॅरिसहून न्यूयॉर्कला गेली, असें पुष्कळांस वाटूं लागलें. त्याच सुमारास अमेरिका आणि रशिया ह्या दोन महासत्तांमध्यें आशियाचें मन आपल्याकडे वळविण्याची स्पर्धा जुंपली होती. तेलाच्या व्यापारांत अमाप संपत्ति मिळविलेल्या जॉन रॉकफेलर यांचे नातू, तिसरे जॉन रॉकफेलर, यांस आशियाच्या संस्कृतीबद्दल खरी आस्था होती. त्यांनीं १९५६ सालीं न्यूयॉर्क येथें एशिया सोसायटी स्थापिली, आणि १९६३ सालीं आशियांतील कलांसाठीं एक स्वतंत्र निधि काढला. ह्या निधीच्या पाहुण्यास कोणत्याहि वर्गांत बसावें लागत नसे. त्यास परीक्षा नव्हती, गुरु नव्हता. राहावें, हिंडावें, पाहावें, मनांत आल्यास काम करावें, एवढीच अपेक्षा असे.

अशा पाहुणचारानें कलावंतास नेमकें काय मिळतें? शिकण्याचें जें वय तें उलटून गेलेलें. हात तयार, मन तयार. मग कोऱ्या पाटीवर अक्षरें उमटावीं तशीं त्या मनावर परक्या देशाचीं अक्षरें उमटतात काय? ह्या प्रश्नाचा निवाडा करावयास वासुदेव संतू गायतोंडे यांच्या न्यूयॉर्कमधील वास्तव्यासारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. कारण त्या वास्तव्यावरूनच त्यांच्या कलेविषयीं एक गैरसमज दीर्घकाळ प्रचारांत राहिला आहे.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजीं नागपुरास झाला. घराणें मूळचें गोव्याचें. बालपणाचा कांहीं काळ गोव्यांत गेला आणि पुढील वाढ मुंबईस, गिरगांवांतील चाळींत झाली. जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनीं १९४८ सालीं मिळविली. त्याच्या आदल्याच वर्षीं मुंबईंतील कांहीं तरुण चित्रकारांनीं ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप’ ह्या नांवाचें मंडळ काढलें होतें. नागपूरच्या कलाशाळेंतून आलेले सय्यद हैदर रझा आणि वऱ्हाडांतील तळेगांव दशासरचे हरी अंबादास गाडे हे दोघे त्या मंडळाचे संस्थापक सभासद होत. गायतोंडेहि पुढें त्या मंडळांत आले. परंतु मंडळाच्या गजबजाटांत रमण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आरंभीं जैन पोथ्यांतील आणि पहाडी शैलीचीं लघुचित्रें हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यानंतर पॉल क्ले ह्या स्विस चित्रकाराच्या रेषेनें त्यांस मोहिनी घातली. ही रेषाहि पुढें विरत गेली, मनुष्याकृति नाहीशी झाली, आणि १९६० च्या आसपास त्यांच्या चित्रांत केवळ रंग, प्रकाश आणि अवकाश एवढेंच उरलें. आपल्या चित्रांस कोणी ‘अमूर्त’ म्हटलेलें त्यांस रुचत नसे. तीं ‘वस्तुनिरपेक्ष’ आहेत असें ते म्हणत. ह्या भेदांत मोठा अर्थ आहे. एखादी वस्तु डोळ्यांपुढें ठेवून तिचें रूप पुसट करीत नेलें म्हणजे अमूर्त चित्र होतें; गायतोंडे यांच्या चित्रांस मुळांत वस्तूचा आधारच नव्हता. ह्याच काळांत झेन पंथाचे विचार आणि येथील संतपुरुषांचा उपदेश यांकडे त्यांचें मन ओढलें गेलें. मौन हा त्यांच्या स्वभावाचा आणि चित्रांचा समान धर्म झाला.

१९५७ सालीं तोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनांत त्यांस पारितोषिक मिळालें. मुंबईस वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेंत ते काम करीत. एकाच वास्तूंत कोठें सतार वाजते आहे, कोठें नाटकाची तालीम चालली आहे, कोठें रंग घोटले जात आहेत, असा तेथला थाट असे. १९६३ सालीं मॉरिस ग्रेव्ह्ज हे अमेरिकन चित्रकार हिंदुस्थानांत आले असतां त्यांनीं गायतोंडे यांचें काम पाहिलें. ते इतके प्रभावित झाले कीं, न्यूयॉर्कच्या विलर्ड कलादालनाच्या चालकांस त्यांनीं ह्या अप्रसिद्ध चित्रकाराविषयीं पत्र लिहिलें, आणि मार्क रॉथ्को यांच्याशीं त्यांची तुलना केली. पुढच्याच वर्षीं रॉकफेलर निधीची शिष्यवृत्ति मिळून गायतोंडे न्यूयॉर्कला गेले.

तें न्यूयॉर्क कसें होतें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. १९६४ आणि १९६५ ह्या दोन्ही वर्षीं तेथें जागतिक प्रदर्शन भरलें होतें. १९६४ सालींच व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाचें चित्रकलेचें श्रेष्ठ पारितोषिक रॉबर्ट रॉशेनबर्ग ह्या अमेरिकन कलावंतास मिळून अमेरिकेच्या कलेचा डंका युरोपांत वाजला होता. डबाबंद खाद्यपदार्थांचीं वेष्टनें, नटनटींचे मुखवटे आणि जाहिरातींचीं चित्रें यांनाच कलेच्या चौकटींत बसविणारी ‘पॉप’ कला ऐन भरांत होती. १९६५ च्या आरंभीं आधुनिक कलेच्या संग्रहालयांत नेत्रभ्रम उत्पन्न करणाऱ्या चित्रांचें एक मोठें प्रदर्शन भरून ‘ऑप’ ह्या नव्या नांवाचाहि बोलबाला झाला. वर्षागणिक नवें नांव, नवा पंथ, नवी घोषणा! मौनाचा उपासक कलावंत त्या काळच्या सर्वांत बोलघेवड्या शहरांत जाऊन पोहोंचला होता.

त्यांचा मुक्काम तेविसाव्या रस्त्यावरील चेल्सी हॉटेलांत होता. तांबड्या विटांची ही जुनी, उंच इमारत लेखक, गवई आणि चित्रकार यांचें माहेरघर समजली जाई. डिलन टॉमस हे वेल्श कवि आपल्या अखेरच्या दिवसांत येथेंच उतरले होते. आर्थर क्लार्क यांनीं आपल्या अंतराळप्रवासाच्या प्रसिद्ध कादंबरीचें लेखन १९६४ सालीं येथेंच केलें. अशा वसतिगृहांत शेजाऱ्याच्या विक्षिप्तपणाचें कोणास नवल वाटत नाहीं, आणि त्यामुळें एकटें राहूं इच्छिणाऱ्यासहि कोणी छेडीत नाहीं. चाळींत वाढलेल्या माणसास एकांताचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं. गिरगांवच्या चाळींत भिंतीपलीकडचें बोलणें अलीकडे ऐकूं येतें. तेथें एकांत मनांतच निर्माण करावा लागतो. न्यूयॉर्कमध्यें तो खोलीच्या दाराआड अनायासें मिळत होता.

संग्रहालयें आणि कलादालनें त्यांस खुलीं होतीं. छापील पुस्तकांतून पाहिलेलीं चित्रें आतां मूळ आकारांत, मूळ रंगांत समोर उभीं होतीं. हा लाभ सामान्य नव्हे. वीतभर छापील चित्रांत पुरुषभर उंचीच्या रंगपटाचा श्वास कळत नाहीं. त्याच्यापुढें स्वतः उभें राहावें लागतें. ज्यांच्याशीं गायतोंडे यांची तुलना झाली ते रॉथ्को त्याच काळांत न्यूयॉर्कच्या एकोणसत्तराव्या रस्त्यावरील आपल्या चित्रशाळेंत एका प्रार्थनामंदिरासाठीं चौदा गंभीर, काळोखी चित्रें करण्यांत गढले होते. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरांतील तें मंदिर १९७१ सालीं उघडलें. त्यापूर्वींच, १९७० सालीं, रॉथ्को यांचें निधन झालें होतें. पॉप कलेच्या गोंगाटांतहि त्या शहरांत मौनाची उपासना चालू होती, ती ही अशी.

येथेंच वर उल्लेखिलेला गैरसमज उगम पावतो. गायतोंडे न्यूयॉर्कला गेले, तेथें त्यांनीं अमेरिकन रंगपट पाहिले, आणि परत येऊन तसेंच रंगविलें, असें ह्या कथेचें सोपें रूप आहे. परंतु इतिहासांत सोप्या कथेस सनावळीची साक्ष लागते, आणि येथें ती साक्ष उलट पडते. त्यांच्या चित्रांतून आकृति गेली ती न्यूयॉर्कला जाण्यापूर्वीं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत त्यांचें जें चित्र आहे, तें १९६२ सालचें आहे. ग्रेव्ह्ज यांनीं रॉथ्कोंशीं तुलना केली ती १९६३ सालीं, मुंबईंतलें काम पाहून. जें आधींच पिकलें होतें, तें पुढच्या पावसानें पेरलें असें म्हणतां येत नाहीं.

कामाची रीतहि भिन्न होती. रॉथ्को पातळ रंगाचे थर कापडांत मुरवीत. त्यांचे रंगांचे पट्टे ढगांसारखे कडांशीं विरघळतात. गायतोंडे रोलर आणि रंग पसरावयाची सुरी यांनीं थरावर थर चढवीत, आणि मग तो खरवडीत. पहिल्या थराचा उजेड चौथ्या थराखालून डोकावे. त्या पृष्ठभागावर मधूनच एखाद्या विस्मृत लिपीच्या अक्षरासारखें चिन्ह उमटे. वाचावयास जावें तर अर्थ लागत नाहीं, सोडून द्यावें तर मन सोडीत नाहीं. दोघांचें नातें आप्ताचें असूं शकेल, गुरुशिष्याचें नव्हे.

ह्याचा अर्थ असा नव्हे कीं, असें वास्तव्य कोणासच पालटवीत नाहीं. रझा यांनीं १९६२ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठांत अध्यापन केलें, तेव्हां पाहिलेल्या रॉथ्कोंच्या चित्रांचें ऋण त्यांनीं पुढें मोकळेपणानें मान्य केलें. तैयब मेहता १९६८ सालीं रॉकफेलर निधीच्याच साहाय्यानें न्यूयॉर्कला गेले. तेथें बार्नेट न्यूमन यांचीं भव्य, सपाट रंगांचीं चित्रें पाहून ते थक्क झाले. परतल्यावर त्यांचा जाड रंगलेप गेला, सपाट रंग आला, आणि मानवी आकृतीस दुभंगणारी ती प्रसिद्ध तिरपी रेघ अवतरली. एकच निधि, एकच शहर; एकास तेथें नवी वाट सांपडली, दुसऱ्यास आपलीच वाट खरी असल्याची ग्वाही मिळाली. पाहुणचार एकच असला तरी प्रत्येकजण आपल्या भुकेप्रमाणेंच जेवतो.

गायतोंडे मुंबईस परतले. कीर्तीसाठीं न्यूयॉर्कला ठाण मांडण्याचा मार्ग त्यांनीं धरिला नाहीं. १९६८ च्या सुमारास त्यांचे कॅनव्हास उभ्या आकाराचे झाले; क्षितिजाचा भास होता तोहि त्यामुळें मावळला. वर्षाकांठीं पांच-सहा चित्रें, एवढाच त्यांचा वेग. पुष्कळसा काळ कोऱ्या कॅनव्हासपुढें नुसतें बसण्यांत जाई. १९७१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पुढें ते दिल्लीस निजामुद्दिन भागांत एका लहानशा घरांत राहूं लागले. १९८४ सालीं झालेल्या अपघातानें त्यांचें मोठें चित्रण कित्येक वर्षें थांबलें. परंतु कुंचला थांबला म्हणजे चित्रकार थांबतो असें ते मानीत नसत. १० ऑगस्ट २००१ रोजीं त्यांचें निधन झालें.

२४ ऑक्टोबर २०१४ रोजीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयांत त्यांच्या समग्र कार्याचें प्रदर्शन उघडलें. बरोबर पन्नास वर्षांपूर्वीं ज्या शहरांत ते एक अनोळखी पाहुणे म्हणून उतरले होते, त्याच शहरानें आतां त्यांचीं चित्रें आदरानें आपल्या भिंतींवर लावलीं.

करमरकरांच्या काळीं परदेशगमन म्हणजे विद्या आणणें होतें, आणि त्या विद्येनें महाराष्ट्राचें हितच झालें. गायतोंडे यांनीं मात्र आणावयाचें असें तेथून कांहीं आणलें नाहीं. त्यांनीं नेलें तें आपलें मौन, आणि जगांतल्या सर्वांत गोंगाटाच्या शहरांत वर्षभर राहूनहि परत आणलें तें तेंच मौन, अधिक गाढ होऊन. परदेशचा पाहुणचार कलावंत घडवितो ही समजूत जितकी खोटी, तितकीच तो त्यास बिघडवितो ही भीतिहि खोटी. कलावंत काय घेऊन घराबाहेर पडला, ह्याची तेथें परीक्षा होते, एवढें मात्र खरें.