कारंज्यांच्या अंगणातील बारा मुखे

लंडन शहरात थेम्स नदीच्या काठी सॉमरसेट हाउस नावाची एक भव्य दगडी वास्तू आहे. वकिली व्यवसायातील माणसांस हे नाव अपरिचित नाही. कारण इंग्लंडातील मृत्युपत्रांचे दप्तर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथे असे, आणि मृताची मालमत्ता कोणाकडे गेली ह्याचा शोध घेणारे लोक त्या वास्तूचे उंबरठे झिजवीत. २०११ सालच्या १२ मे पासून २६ जूनपर्यंत ह्याच वास्तूच्या प्रशस्त अंगणात, कारंज्यांच्या सान्निध्यात, ब्राँझची बारा प्राणिमुखे उभी होती. खांबासह प्रत्येकाची उंची सुमारे दहा फूट. येणाऱ्याजाणाऱ्या कोणासही ती पाहता येत. शिल्पकार होता चीनमधील आय वेवे. तो मात्र उद्घाटनास आला नाही. येऊ शकला नाही. ३ एप्रिल रोजी बीजिंगच्या विमानतळावर सरकारने त्याला अडकवून नेले होते.

ही मुखे कोणाची, हे समजण्यासाठी अठराव्या शतकात जावे लागते. बीजिंगजवळील युआनमिंगयुआन ह्या राजोद्यानात छ्येनलुंग बादशहाने युरोपीय धर्तीचे काही महाल बांधवून घेतले. त्यांची कल्पना मिलान येथे जन्मलेल्या कास्तिल्योने ह्या जेझुइट चित्रकाराची, आणि कारंज्यांची योजना बनुआ ह्या फ्रेंच जेझुइटाची. तेथील एका महालापुढे जलघटिका होती. चिनी कालगणनेतील उंदीर, बैल, वाघ आदी बारा प्राणी तेथे बसविलेले असून, प्रत्येकाच्या मुखातून आपापल्या वेळी, म्हणजे दोन दोन तास किंवा आपल्या पाच घटिका, पाणी उसळे. मध्यान्ही बाराही मुखे एकदम उसळत.

१८६० सालच्या ऑक्टोबरात इंग्रज व फ्रेंच फौजांनी हे उद्यान लुटले. पुढे वाटाघाटीस गेलेली माणसे चिन्यांच्या कैदेत हाल होऊन मेल्याचे कळताच लॉर्ड एल्गिनने संपूर्ण राजोद्यानास आग लावण्याची आज्ञा दिली. पार्थेनॉनची शिल्पे इंग्लंडात नेणाऱ्या एल्गिनचा हा मुलगा. दोनच वर्षांनी तो आपल्या देशाचा व्हाइसरॉय होऊन आला, आणि १८६३ साली धरमशाळेस मृत्यू पावला. त्या चिनी मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने शीख पलटणीही लढल्या, हेही विसरता कामा नये. विध्वंसानंतर ती मुखे देशोधडीस लागली. बारांपैकी सातांचा पत्ता कालांतराने लागला. ड्रॅगन, सर्प, मेंढा, कोंबडा आणि कुत्रा ही पाच मात्र हरवली.

२००९ साली त्यांतील उंदीर व ससा पॅरिसमध्ये लिलावास निघाले. लिलाव थांबवावा म्हणून चिनी कलेच्या रक्षणार्थ स्थापन झालेली एक संस्था तेथील न्यायालयात गेली. तिला असे मागणे मागण्याचा अधिकारच नाही, असे ठरून अर्ज फेटाळला गेला. मग एका चिनी इसमाने प्रत्येकी १ कोटी ४० लाख युरोंची सर्वोच्च बोली लावली, आणि आपण पैसे देणार नाही असे जाहीर केले! शेवटी २०१३ साली पिनो ह्या फ्रेंच उद्योगपतीच्या घराण्याने ती दोन मुखे चीनला भेट दिली.

वादी कोण, हा प्रश्न येथे निर्णायक ठरला. आमच्या वाचकांस ह्यावरून पाथूरच्या नटराजाची आठवण होईल. तंजावर भागातील त्या देवालयाची मूर्ती लंडनला पोहोचली असता, भग्न देवालय हेच कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे आणि ते आपली मूर्ती परत मागू शकते, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९१ साली मान्य केले. आणि मूर्ती स्वदेशी आली. ज्या वास्तूची पूजा मोडली तिलाही वाचा आहे, हे आपल्या धर्मशास्त्रास नवे नव्हे. युआनमिंगयुआनच्या उंदराला आणि सशाला असा वादी मिळाला नाही.

आय वेवेने ह्या वादात कोणाचीच वकिली केली नाही, ह्यात त्याच्या कृतीचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. सापडलेल्या सात मुखांवरून त्याने सात घडविली. हरवलेली पाच कल्पनेने घडविली. ही मुखे राष्ट्रीय ठेवा आहेत, हा अभिमानाचा घोष त्याला मान्य नव्हता. योजणारा इटालियन, पाणी खेळविणारा फ्रेंच, बादशहा मांचू. मग ह्यांत केवळ चिनी ते काय, असा त्याचा प्रश्न. आपल्या सरकारला नको असलेले प्रश्न विचारण्याची त्याची ही सवय जुनीच होती. २००८ च्या सिच्वान भूकंपात कोसळलेल्या शाळांखाली किती मुले मेली, त्यांची नावे काय, हे तो लोकांकडून गोळा करीत असे.

ज्याने सॉमरसेट हाउसची रचना केली, तो विल्यम चेंबर्स तरुणपणी स्वीडिश कंपनीच्या जहाजावरून कँटनला जाऊन आला होता. चिनी वास्तूंवर त्याने १७५७ साली ग्रंथही प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या काळी चीनच्या बादशहास युरोपीय कारंज्यांचे कौतुक होते, त्याच काळी लंडनच्या शिल्पज्ञास चिनी मंडपांचे होते. शंभर वर्षांनी ह्या परस्पर कौतुकाची राख झाली. लुटणाऱ्यांच्याच राजधानीत ती मुखे पुन्हा कारंज्यांपाशी उभी राहिली, तेव्हा इंग्रज प्रेक्षकास आपल्या पूर्वजांचे कृत्य आठवणे भाग होते. आणि त्याच वेळी घडविणारा कोठे आहे, हा प्रश्न बीजिंगच्या राज्यकर्त्यांस विचारला जात होता. एकाच साक्षीदाराने दोन्ही पक्षांस अडचणीत आणावे, असा प्रसंग न्यायालयातही क्वचितच येतो.

८१ दिवसांच्या बंदिवासानंतर २२ जून रोजी आय वेवे सुटला. करचुकवेगिरीचा आरोप आणि जप्त पारपत्र ही त्याच्या मागे राहिलीच. पारपत्र हाती यावयास २०१५ साल उजाडले. तो सुटला तेव्हा लंडनचे प्रदर्शन संपावयास चार दिवस उरले होते. ते पाहावयास त्याला जाता आले नाही. त्याची साक्ष मात्र त्या अंगणात पुरी झाली होती.