गर्दीनुसार बदलणारा टोल: लोक नेमके कशावर चिडतात?

४ डिसेंबर २०१७, सोमवारची सकाळ. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून वॉशिंग्टन डीसीकडे जाणारा आय-६६ महामार्ग. ऑफिसला निघालेल्या लोकांना बोर्डवर टोलचा आकडा दिसला: ३४.५० डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण २,२०० रुपये, तेही जेमतेम १६ किलोमीटरसाठी. दुसऱ्या दिवशी हाच आकडा ४० डॉलरपर्यंत गेला. लोक भडकले आणि या टोलची बातमी देशभर झाली.

पण त्याच अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, १९९५ पासून वेळेनुसार बदलणारा टोल सुरू आहे आणि लोक तो स्वतःहून भरतात. कल्पना एकच असताना लोकांच्या मतात इतका फरक का?

ही लेन म्हणजे नेमकं काय?

शहरातल्या महामार्गावर काही लेन सर्वांसाठी मोफत असतात. त्यांच्या शेजारी एक-दोन लेन टोलच्या. घाई असेल तर पैसे भरून टोलच्या लेनमध्ये जायचं, नसेल तर मोफत लेनमध्ये राहायचं. यांना एक्स्प्रेस लेन किंवा 'हॉट लेन' म्हणतात. अनेक ठिकाणी गाडीत दोन-तीन जण असतील, म्हणजे कारपूल असेल, तर टोल माफ असतो किंवा कमी लागतो.

टोलनाका नसतो. गाडीच्या काचेवरचा टॅग वरच्या कमानीवरून वाचला जातो. आपल्या फास्टॅगसारखाच प्रकार, फक्त थांबायचं नाही.

टोल बदलतो कसा आणि का?

याच्या दोन पद्धती आहेत. एकात वेळापत्रक आधीच जाहीर होतं: सकाळी ७ वाजता इतका, दुपारी इतका. दुसऱ्यात रस्त्यावरचे सेन्सर गर्दी मोजतात आणि दर काही मिनिटांनी टोल बदलतो. आय-६६ वर तो दर ६ मिनिटांनी बदलतो. मात्र तुम्ही लेनमध्ये शिरताना जो दर दिसला, तोच तुम्हाला लागतो.

यामागचं कारण साधं आहे. लेनमध्ये ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त गाड्या शिरल्या की वाहतूक थांबत-थांबत चालू लागते. मग तीच लेन तासाला आधीपेक्षा कमी गाड्या पुढे सोडते. म्हणून गर्दी वाढली की टोल वाढवायचा, म्हणजे काही जण शिरणार नाहीत आणि लेन वाहती राहील. अमेरिकेत अशा लेनसाठी गर्दीच्या वेळी किमान ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर वेग राखण्याचा निकष सर्रास वापरतात.

कॅलिफोर्निया: टोल चालला, करारातली अट चालली नाही

डिसेंबर १९९५ मध्ये ऑरेंज काउंटीत एसआर-९१ महामार्गावर अमेरिकेतल्या पहिल्या अशा लेन सुरू झाल्या. लांबी १० मैल. महत्त्वाचं म्हणजे या लेन दुभाजकाच्या मोकळ्या जागेत नव्याने बांधल्या होत्या. आधीची एकही मोफत लेन गेली नाही. टोलही वेळापत्रकानुसार होता, त्यामुळे घरातून निघतानाच आकडा माहीत असायचा.

तरीही इथे राग उसळला, पण वेगळ्याच कारणाने. हा रस्ता चालवणाऱ्या खासगी कंपनीसोबतच्या करारात एक अट होती: शेजारच्या मोफत लेन सरकारने वाढवायच्या नाहीत. म्हणजे मोफत रस्ता मुद्दाम तुंबलेला ठेवायचा, अशी लोकांची भावना झाली. शेवटी २००३ मध्ये ऑरेंज काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाने २०.७५ कोटी डॉलर मोजून या लेन विकत घेतल्या आणि ती अट गेली. टोल मात्र आजही आहे.

अटलांटा आणि आय-६६: हातातलं गेलं

ऑक्टोबर २०११ मध्ये अटलांटाच्या आय-८५ वर उलटं घडलं. तिथे नवी लेन बांधली नाही. कारपूलची जुनी लेनच टोलची केली. आधी गाडीत दोघे असले तरी त्या लेनमधून मोफत जाता यायचं, आता तिघे लागणार होते. सुरुवातीला टोलची लेन बरीच रिकामी आणि शेजारच्या लेन तुंबलेल्या, असं चित्र रोज दिसू लागलं. पहिल्या काही दिवसांतच गव्हर्नर नेथन डील यांना टोल कमी करायला सांगावं लागलं. पुढे राज्याने आय-७५ वर एक्स्प्रेस लेन आणल्या, त्या नव्याने बांधलेल्या होत्या.

आय-६६ चं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे. तिथे गर्दीच्या वेळी एकट्या चालकाला आधी बंदीच होती. टोलमुळे त्याला नवा पर्याय मिळाला, असं सरकारचं म्हणणं. पण निर्बंधाचे तास वाढवले होते आणि हायब्रिड गाड्यांची सवलत काढली होती. शिवाय तिथे त्या दिशेच्या सगळ्याच लेनना टोल होता, शेजारी मोफत लेन नव्हती. सरासरी टोल ३४ डॉलरपेक्षा बराच कमी होता, पण लोकांच्या लक्षात राहिला तो सर्वांत मोठा आकडा.

या लेन फक्त श्रीमंतांसाठी आहेत का?

विरोधक त्यांना महागड्या गाडीवरून 'लेक्सस लेन' म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे: ज्याच्या खिशात जास्त, त्याला रोज वापरणं सोपं. एसआर-९१ वरच्या अभ्यासातही जास्त उत्पन्नाचे लोक ही लेन जास्त वापरताना दिसले. पण सगळ्याच उत्पन्न गटांतले लोक कधी ना कधी ती वापरतात, हेही दिसलं. कारण पाळणाघरातून मूल वेळेत आणायचं असेल किंवा उशीर झाला की पगार कापला जाणार असेल, तर ते काही डॉलर कोणालाही परवडतात. म्हणूनच टोलचे पैसे कुठे जातात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ते बससेवेवर खर्च झाले, तर गाडी नसलेल्यालाही काही मिळतं.

अनुभवानंतर मत बदलतं का?

बऱ्याचदा बदलतं. स्टॉकहोममध्ये लेनवर नाही, तर शहराच्या मध्यभागात ये-जा करण्यावर वेळेनुसार शुल्क लावलं गेलं. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते. २००६ मध्ये सात महिने प्रयोग झाला, शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि सप्टेंबरमधल्या सार्वमतात शहराने निसटत्या बहुमताने होकार दिला. पुढच्या काही वर्षांत पाठिंबा आणखी वाढला.

पण हे आपोआप होत नाही. सिएटलजवळच्या आय-४०५ वर २०१५ मध्ये लेन सुरू झाल्या आणि विरोध इतका झाला की २०१६ मध्ये रात्री आणि शनिवार-रविवारी टोल बंद करावा लागला.

आपल्याकडे काय?

भारतातल्या महामार्गांवर टोल साधारणपणे अंतर आणि वाहनाच्या प्रकारावर ठरतो, त्या क्षणाच्या गर्दीवर नाही. पण टोलवरच्या रागाचं मूळ ओळखीचं आहे. कोल्हापुरात शहरातल्याच रस्त्यांवर टोल लागला, तेव्हा मोठं आंदोलन झालं आणि तो रद्द करावा लागला. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोलमाफी आहे.

म्हणून उद्या कुठेही 'गर्दीनुसार टोल'चा प्रस्ताव आला, तर आकड्याआधी चार प्रश्न विचारा. लेन नवी आहे की आपलीच जुनी? शेजारी मोफत लेन राहणार का, आणि ती सुधारता येणार का? टोलला कमाल मर्यादा आहे का? आणि पैसे कुठे जाणार?