पोचा : बंदूक लोहाराच्या ऐरणीवरून कशी उतरली?

१/
तांब्याच्या हंड्याला पोचा आला, तर आजही जुन्या पेठांतून तो तांबटाकडे नेला जातो. आतून ठोकळ्याचा आधार, बाहेरून हातोडीचे हलके घाव, आणि पत्रा पुन्हा जागेवर येतो. रायफलीच्या मॅगझिनला, म्हणजे काडतुसे भरण्याच्या पत्र्याच्या पेटीला, असाच पोचा आला तर? कारागिरीच्या दृष्टीने काम फारसे निराळे नाही. तरीही ते आपल्याकडे घरी करता येत नाही; कायदाच आडवा येतो. हातोडी आणि बंदूक यांची ही फारकत कधी व कशी झाली, त्याचा हा धागा. #थ्रेड

२/
आरंभ नायगावपासून करू. भाईंदर सोडून गाडी वसईच्या खाडीवरील पूल ओलांडते, तेव्हा पहिले स्थानक लागते ते नायगाव. याच खाडीच्या मुखाशी, पश्चिमेस, वसईचा किल्ला आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला. बुरुजांखाली सुरुंग लावून तट फोडला गेला, हे आपण शाळेत शिकतो. त्या फौजांच्या हातांतील बंदुकांकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

३/
त्या बंदुका ठासणीच्या होत्या. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासायची, मागच्या बारीक छिद्रापाशी रंजक ठेवायची आणि ती पेटत्या तोड्याने किंवा गारेच्या ठिणगीने पेटवायची. एक लोखंडी नळी, एक लाकडी दस्ता आणि चापाचे मोजके भाग, एवढाच तिचा संसार. नळी बिघडली तर लोहार, दस्ता मोडला तर सुतार. गावगाड्यातील बलुतेदारांकडे असलेली विद्या तिच्या बहुतेक दुखण्यांवर पुरेशी होती.

४/
याचा अर्थ मोठा आहे. ज्या समाजाला आपले शस्त्र आपल्याच भात्यावर दुरुस्त करता येते, त्याचे शस्त्र काढून घेणे कठीण असते. एक बंदूक जप्त करता येईल. पण प्रत्येक गावातील ऐरण कशी जप्त करणार? इंग्रजी सत्तेपुढे १८५७ नंतर हाच प्रश्न उभा राहिला. तिने त्याची दोन उत्तरे शोधली. एक सैन्यात, दुसरे कायद्यात.

५/
सैन्यातले उत्तर असे. बंडाची ठिणगी ज्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून पडली, त्या रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा होत्या. त्यांमुळे गोळी दूरवर नेमकी जाई. उठावानंतर हिंदी शिपायांसाठी त्याच घडणीची, पण खाचा नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक काढण्यात आली. गोऱ्या सैनिकाच्या हाती नवे शस्त्र आणि हिंदी शिपायाच्या हाती एक पायरी जुने, हे धोरण पुढे अनेक दशके टिकले.

६/
कायद्यातले उत्तर म्हणजे १८७८ चा शस्त्र कायदा. लॉर्ड लिटन तेव्हा व्हाइसरॉय होते. शस्त्रे बनविणे, त्यांत फेरफार करणे, विकणे आणि बाळगणे यांसाठी परवाना लागू लागला. युरोपीय मात्र या जाचातून मोकळे राहिले. ही उघड विषमता सुशिक्षित हिंदी मनाला झोंबली. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला.

७/
आता योगायोग पाहा. हा कायदा झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७९ मध्ये, स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या जेम्स पॅरिस ली या संशोधकाने एका पेटीचे पेटंट घेतले. पोलादी पत्र्याची ही पेटी रायफलीला खालून बसे आणि हवी तेव्हा काढता येई. आत एक स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पाट आणि पाटावर एकावर एक रचलेली काडतुसे. सैनिकाने बोल्ट मागेपुढे केला की वरचे काडतूस नळीत जाई आणि खालचे आपोआप वर येई.

८/
ब्रिटनने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली, तेव्हा तिच्या मॅगझिनमध्ये आठ काडतुसे मावत. पुढे ती दहा झाली. १८९५ मध्ये ली-एनफिल्ड आली, आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या 'थ्री-नॉट-थ्री' या नावाने आपल्या घराघरांत माहीत झाल्या. आरंभीच्या रायफलींत मॅगझिन हरवू नये म्हणून ते चक्क एका कडीने बंदुकीला बांधलेले असे. सैनिकाकडे मॅगझिन एकच. रिकामे झाले की वरूनच पुन्हा भरायचे.

९/
एकच मॅगझिन, म्हणून त्याचे आरोग्य जिवाइतके मोलाचे. पेटीचा पत्रा पातळ असतो. खडकावर आपटून तो आत दबला की पाट मध्येच अडकतो, स्प्रिंगचा जोर वाया जातो आणि काडतूस वर येत नाही. सैनिक बोल्ट पुढे ढकलतो, चाप ओढतो, आणि केवळ 'टक्' असा आवाज येतो. पेटीच्या वरच्या कडांना ओठ म्हणतात. ते वाकले तर काडतूस तिरपे चढून नळीच्या तोंडाशी अडते. नळी, दस्ता, नेम सारे ठाकठीक. तरी एका पोच्याने रायफल मुकी होते.

१०/
थ्री-नॉट-थ्रीचे आणखी एक नाजूकपण होते. तिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढे असावी लागते. मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणून पत्र्याचा आकार, ओठांचा कोन आणि स्प्रिंगचा ताण ही तिन्ही मापे एकमेकांशी जुळलेली हवीत. हंड्याचा पोचा डोळ्यांना सरळ दिसला की काम संपते. मॅगझिनचे काम तिथे सुरू होते.

११/
त्यामुळे पलटणीत 'आर्मरर' या शस्त्रकारागिराचे महत्त्व वाढले. मापाचे ठोकळे, गेज आणि सुटे भाग हे त्याचे भांडवल. पोचा किरकोळ असेल तर तो आतून आधार देऊन उठवायचा, मग काडतुसे सुरळीत वर येतात का ते तपासायचे. ओठच बिघडले असतील तर दुसरे मॅगझिन लावायचे. आपल्याकडे कलकत्त्याजवळ इशापूर येथे १९०४ मध्ये रायफल कारखाना उभा राहिला. काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही बनत. तो १८६९ चा. दुरुस्तीची विद्या आता गावच्या भात्याजवळ न राहता सरकारी आवारात राहू लागली.

१२/
मग असे म्हणावे का, की यंत्रयुगाने लोहाराला हरविले? हे उत्तर सोपे आहे, आणि म्हणूनच ते तपासायला हवे. वायव्य सरहद्दीवर, कोहाट खिंडीजवळच्या दर्रा आदमखेल येथे, आफ्रिदी कारागिरांनी साध्या हत्यारांनी मार्टिनी-हेन्री आणि ली-एनफिल्ड यांच्या हुबेहूब नकला घडविल्या. काहींवर इंग्रजी राजमुकुटाचा शिक्काही उमटवला. फक्त त्याखालील रोमन अक्षरे कधी उलटी, कधी चुकीची पडत. पोलाद कमअस्सल असे, पण मॅगझिनसह सारी रायफल हाताने घडे.

१३/
या उदाहरणाने चित्र पालटते. इंग्रजी शस्त्र कायद्याचा हात जिथे पोहोचला नाही, तिथे लोहाराने पत्र्याची पेटीही आत्मसात केली. जिथे तो पोहोचला, तिथे ती विद्या रुजायच्या आधीच खुंटली. आपल्याकडच्या घिसाड्याच्या किंवा तांबटाच्या हातांत कसब कमी नव्हते. नव्हता तो परवाना. यंत्राने काम अवघड केले हे खरे. पण दार बंद केले ते कायद्याने.

१४/
सत्तेला या पेटीची किती धास्ती होती, याचा बोलका पुरावा इशापूरच्याच एका शस्त्रात सापडतो. पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी यांच्यासाठी ली-एनफिल्डवरून .४१० बोअरचे मस्केट तयार करण्यात आले. त्यात मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसविलेला असे. एका वेळी एकच बार! बाहेरून रायफल, आतून जवळपास ठासणीचा काळ. आपल्याच नोकराच्या हाती दहा काडतुसे देण्यास राज्यकर्ते कचरत होते.

१५/
रणांगणावर मात्र या पेटीची किंमत आपल्या माणसांनी रक्ताने मोजली. १० जुलै १९४४, इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे. पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातले, वय अवघे बावीस. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकीचे सारे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. हातबॉम्ब टाकला, मग टॉमीगन चालविली.

१६/
मॅगझिन संपले. दुसरे लावायला क्षणाचीही उसंत नव्हती. घाडग्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघा शत्रूंना दस्त्याच्या तडाख्यांनी ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि मॅगझिन बदलण्यास वेळ न मिळाल्याची नोंद त्या सन्मानपत्रातच आहे. त्या क्षणी विसाव्या शतकातील बंदूक पुन्हा गदा झाली होती.

१७/
स्वातंत्र्यानंतर काय बदलले? १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा आला. परवान्याची चौकट मात्र कायम राहिली, काही बाबतींत अधिक स्पष्ट झाली. कलम ५ मध्ये शस्त्रे बनविणे व विकणे यांबरोबर ती 'दुरुस्त करणे' हेही परवान्याखाली येते, आणि शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही मोडतात. म्हणून आजोबांच्या लष्करी पेटीत एखादे जुने, पोचलेले मॅगझिन सापडलेच, तर हातोडी उचलू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.

१८/
पुढे पोचाच नाहीसा होऊ लागला. अमेरिकेने १९६० च्या दशकात एम-१६ साठी हलक्या ॲल्युमिनियमची मॅगझिन काढली, ती मुळात वापरून फेकून देण्याच्या कल्पनेने. आपल्या इन्सास रायफलीला अर्धपारदर्शक प्लास्टिकचे मॅगझिन आले. १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत त्याला तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या. पत्र्याला पोचा येतो आणि तो उठवता येतो. प्लास्टिकला तडा जातो, आणि तडा गेलेली वस्तू केवळ बदलता येते.

१९/
आज नागरी समाजात शस्त्रांवर नियंत्रण असावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. बंदूक प्रत्येक ऐरणीवर पुन्हा यावी, असे कोणी सुचवू नये. पण १८७८ चा कायदा शांततेसाठी झाला नव्हता. तो एका समाजावरील अविश्वासातून झाला होता. त्यात गोऱ्याला सूट होती आणि काळ्याला बंदी. नियंत्रण सर्वांना समान असेल तर ती शिस्त; एकालाच असेल तर ती गुलामी. या दोहोंतला फरक इतिहास वाचणाऱ्याने विसरता कामा नये.

२०/
पुढच्या वेळी नायगावचा खाडीपूल ओलांडताना पश्चिमेकडे पाहा. १७३९ च्या फौजेतील बंदुका जो लोहार नीट करू शकत होता, त्याच्या पणतू-खापरपणतूंच्या पिढीला त्याच कामासाठी परवाना मागावा लागला. किल्ला पडल्याची तारीख आपण पाठ करतो. ऐरण कधी गप्प झाली, त्याची तारीख कोणी पाठ करीत नाही. (समाप्त)