इगर्जीची शाळा आणि गोव्यातील दानधर्म



दिवंगत गुरुजनांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मराठीच्या अध्यापकाने कॅथलिक समाजाच्या श्रद्धाजीवनावर आणि दानधर्मावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गोव्यात जुन्या मराठीचा अभ्यास करणाऱ्यास इगर्जीच्या दारातून जावेच लागते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ ज्या परिसरात रचले गेले, तेथील इगर्ज, तिच्या आश्रयाची शाळा आणि त्या शाळेला पोसणारे दान यांचा विचार त्याला टाळता येत नाही. आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे : विद्येसाठी झालेले हे दान कोणाच्या हातचे होते?

जुन्या गोव्यात रस्त्यालगत एक एकाकी कमान उभी आहे. सेंट पॉल कॉलेजचा तेवढाच अवशेष आता उरला आहे. १५४१ साली मिगेल व्हाझ आणि दियोगो द बोर्बा या धर्मगुरूंच्या पुढाकाराने ‘सांता फे’, म्हणजे पवित्र श्रद्धा, या नावाचा धर्मबंधुसंघ स्थापन झाला आणि त्याच्या वतीने एतद्देशीय मुलांसाठी पाठशाळा निघाली. १५४२ च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. ते इस्पितळात राहत, कुष्ठरोग्यांची विचारपूस करीत आणि हाती घंटा घेऊन, रस्त्यारस्त्यांतून मुलांना गोळा करून दोत्रिन म्हणजे धर्मपाठ शिकवीत. पुढे ही पाठशाळा जेजुइटांकडे गेली. आशिया-आफ्रिकेतील नाना देशांची मुले तेथे एका छपराखाली शिकली, आणि भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ साली तेथेच बसले.

हा झाला गौरवाचा भाग. पण या संस्थेच्या योगक्षेमाची व्यवस्था कशी झाली? १५४० च्या सुमारास तिसवाडी बेटावरील देवळे पाडण्यात आली आणि त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न १५४१ मध्ये सांता फेच्या कार्यास लावून देण्यात आले. गावकऱ्यांची संमती कागदावर नोंदली गेली खरी. परंतु देवळे जमीनदोस्त झाल्यावर सत्तेपुढे उभे राहून दिलेली संमती ही संमती असते काय? दान देणाऱ्याच्या हातचे असावे लागते. येथे देणारा एक आणि दात्याचे नाव लावणारा दुसरा, असा प्रकार झाला. हे मी कोणास दूषण देण्यासाठी सांगत नाही. मात्र इतिहास सांगावयाचा तर कमान आणि तिचा पाया दोन्ही दाखविले पाहिजेत.

याच काळात दानाची एक दुसरी परंपराही गोव्यात आली. लिस्बन येथे १४९८ साली स्थापन झालेल्या ‘मिझेरिकॉर्दिया’ या दयासंस्थेची शाखा सोळाव्या शतकाच्या आरंभी गोव्यात निघाली. तिच्या नियमांचा कणा म्हणजे दयेची चौदा कृत्ये. त्यांपैकी सात देहाची : भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, वाटसरूस आसरा, रुग्णाची भेट, बंदिवानाची सुटका आणि मृताचे दफन. उरलेली सात आत्म्याची, आणि त्यांत अज्ञान्यास शिकविणे हे एक. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. येथे शिकविणे हे अन्नदानाच्या पंक्तीस बसविले आहे. मृत्युपत्रांतून आलेल्या ठेवींवर ही संस्था इस्पितळ चालवी, अनाथ मुलींच्या विवाहास साहाय्य करी. तिचा लाभ मुख्यतः ख्रिस्ती समाजापुरता, त्यातही पोर्तुगीज कुळांकडे अधिक झुकलेला होता, हेही नमूद केले पाहिजे.

आता नगर सोडून गावात येऊ. प्रत्येक इगर्जीच्या आश्रयाने एक लहानशी शाळा असे. तिचा गुरू म्हणजे ‘मेस्त’. अक्षरओळख, दोत्रिन आणि मुख्यतः संगीत, म्हणजे स्वरलिपीचे वाचन, गायन आणि व्हायोलिन, हा त्याचा अभ्यासक्रम. मेस्ताचे वेतन कोठे इगर्जीच्या निधीतून, कोठे गावकरीच्या उत्पन्नातून दिले जाई. ही गावकरी पोर्तुगीजांच्या आधीची. गावाच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून पूर्वी देवळाचा व त्याच्या सेवेकऱ्यांचा खर्च निघे. धर्मांतरानंतर त्याच संस्थेने इगर्जीचा भार उचलला. देवालय बदलले, पण गावाने आपल्या भूमीतून श्रद्धेस आणि विद्येस वाटा द्यावा ही रीत टिकून राहिली. सत्तेने लावून दिलेल्या उत्पन्नाची जागा हळूहळू गावाच्या हाताने घेतली.

या दोत्रिनीच्या वर्गाचे मराठीवरील ऋण मोठे आहे. १५७९ साली गोव्यात आलेले स्टीफन्स पुढे सुमारे चाळीस वर्षे मुख्यतः सासष्टीत राहिले. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग आहे. रविवारी इगर्जीत मुले दोत्रिन शिकत असताना एक गृहस्थ पाद्रीला विनवितो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर आमच्याच भाषेत आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? या मागणीचे उत्तर म्हणून १६१६ साली राशोल येथे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ छापला गेला. हिरावून घेतल्याची जाणीव आणि देण्याची इच्छा एकाच प्रसंगात समोरासमोर येतात. माझ्या अल्पमतीप्रमाणे गोव्याचा सारा धार्मिक इतिहास या एका विनवणीत सामावला आहे.

गावाच्या दानातही उणीव होती. इगर्जीतील ‘कोंफ्रारिया’ म्हणजे धर्मबंधुसंघ सभासदांची अंत्यक्रिया, उत्सव आणि गरजूंस साहाय्य पाहत. परंतु अनेक गावांत त्यांचे सभासदत्व जातीवर ठरे. उत्सवाचा मान कोणाचा, कोणत्या रंगाचा झगा कोणी परिधान करावयाचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले. आपल्याकडील देवस्थानांच्या महाजनकीकडे पाहिले, तर या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

मेस्ताच्या शाळेचे फळ मात्र जातीच्या आणि गावाच्या सीमेत राहिले नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील तेथील इगर्जीच्या गायकवृंदाचे प्रमुख. मुलगा मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नामवंत वादक व संगीतरचनाकार झाला आणि त्याच्यापाशी प्यारेलाल व्हायोलिन शिकले. गावाच्या तांदळावर आणि नारळावर पोसलेली विद्या अशी साऱ्या देशाच्या कानी पडली. मुंबईला गेलेले गोवेकर, विशेषतः बोटीवरचे तारवटी, धोबीतलाव भागातील आपापल्या गावच्या ‘कुडी’त उतरत. अल्प शुल्कात एक पेटी ठेवण्यापुरती जागा, भिंतीशी गावच्या संताची वेदी आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हटलेला तेर्स. या कष्टकऱ्यांच्या पगारातून गावचे फेस्त साजरे झाले आणि धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली. त्यांची नावे कोणत्याही संगमरवरी पाटीवर नाहीत.

शेवटी एक बालपणीची आठवण सांगतो. आमच्या शेजारी एका ख्रिस्ती घरी लग्न ठरले, की आधी ‘भिकाऱ्यांचें जेवण’ होई. घरातील दिवंगतांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना बोलावून ओसरीवर पाने मांडीत आणि घरची कर्ती बाई स्वतः वाढी. एके वर्षी मी कुंपणावरून पाहत होतो. वाढता वाढता एका वृद्धेने मागितले म्हणून ती बाई तिच्यापाशी खाली बसली आणि दोघी कितीतरी वेळ कोणा मृताविषयी बोलत राहिल्या. घरी येऊन मी आईला विचारले, “भिकारीण तिच्या ओळखीची आहे काय?” आई म्हणाली, “आज ती भिकारीण नाही रे, आज ती त्यांच्या घरची गेलेली माणसे आहे.” पितरांच्या नावे पान वाढणाऱ्या माझ्या आईला ते कोणी समजावून सांगावे लागले नाही.

श्रोतेहो, सत्तेचा हात, गावाचा हात आणि घराचा हात असे दानाचे तीन हात आज आपण पाहिले. पहिल्याने दुसऱ्याचे घेऊन दिले. दुसऱ्याने आपले दिले, पण आपल्यांपुरते दिले. तिसऱ्याने आपल्या ताटातले दिले आणि घेणाऱ्यास मान खाली घालू दिली नाही. शाळा कोणत्याही धर्माच्या छायेत असो, तिच्या देणगीदारांची यादी वाचताना मुलांना हा भेद शिकविला पाहिजे. अज्ञान्यास शिकविणे हे दयेचे कृत्य खरे; परंतु आपण उपकृत झालो असे विद्यार्थ्यास न वाटता आपल्या हक्काचे मिळाले असे वाटावे, यातच त्या दयेची पूर्तता आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्या गुरुजनांनी आयुष्यभर दिले ते याच रीतीने. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी थांबतो.