रेघ, टाका आणि पाठभेद

लहान मुलाने काढलेले चित्र कापडावर भरून जपण्याची हौस अलीकडे पुष्कळ घरांत दिसते. घरगुती म्हणून ती सोडून द्यावी असे आम्हांस वाटत नाही. तिच्यात वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या नित्य परिचयाचा एक प्रश्न दडला आहे: नक्कल करणाऱ्याने मुळातील 'चुका' दुरुस्त कराव्यात काय?

मुलांची चित्रे जपण्याजोगी असतात हा विचारच फार जुना नाही. इटलीतील कोर्रादो रिच्ची पावसामुळे आडोशाला थांबला असता त्याला भिंतीवर मुलांच्या रेघोट्या दिसल्या. १८८७ साली त्याने मुलांच्या चित्रकलेवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याआधीचे जे उरले ते बहुधा योगायोगाने. रशियातील नोव्हगोरोद येथे १९५६ साली ओनफिम नावाच्या मुलाची भूर्जसालीवरील चित्रे उत्खननात निघाली. तेराव्या शतकातला हा मुलगा सहा-सात वर्षांचा असावा. त्याच्या माणसांच्या हातांना बोटे किती याला काही धरबंध नाही. ओल्या मातीने ही चित्रे राखली आणि तिला ती बोटे पाच करण्याचा मोह झाला नाही, एवढे बरे.

सुईला तो मोह होतो. सोलापूरसारख्या कापडाच्या शहरात तर अधिकच, कारण तेथील नक्षी मुख्यतः मोजणीची. सोलापुरी चादरीवरचा मोर जॅकार्डवर विणतात: नक्षी आधी आलेखाच्या चौकोनांत मांडायची, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडायची. शेजारच्या कर्नाटकातील कसुती धागे मोजून भरतात. कापडावर आधी रेखाटन करीत नाहीत. शाळकरी मुलींच्या दोसुतीवरचे फुलीचे टाकेही मोजणीचेच. चार वर्षांच्या मुलाचा हत्ती या चौकोनांत बसवला, की त्याच्या डळमळत्या पाठीला पायऱ्या पडतात. तो चादरीवरचा हत्ती होतो. मुलाचा राहत नाही.

मोजणीबाहेरचा टाका घरातच होता, पण त्याला कोणी कला म्हणत नसे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून वाकळ शिवणारी बाई जो धावदोरा घालते, तो हाताच्या लयीने जातो. बंगालच्या कांथेत याच टाक्याने माणसे, प्राणी, रथ अवतरले. मुलाच्या रेघेला हा टाका, फार तर उलटी टीप, मानवते. साखळी टाक्याने रेघ जाड होते. भरीव टाका तर मुलाने मोकळी सोडलेली जागाही भरून टाकतो. मोकळी जागा हाही मजकूरच असतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

शिवाय टाक्याच्या आधी छाप येते. बटर पेपरवर चित्र गिरवायचे, रेघेवर सुईने भोके पाडायची, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवायची. म्हणजे कापडावर उतरते ती नकलेची नक्कल, आणि प्रत्येक नकलेत हात थोडा 'सुधारतो'. सूर्याचा एखादा किरण लांब असेल तर तो नकळत इतरांएवढा होतो. नावातले उलटे अक्षर सुलटे होते.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो नकलाकारांच्या हातून शिरलेली अशुद्धे काढण्यासाठी. येथे गोष्ट उलटी आहे. अशुद्ध ते मूळ, आणि शुद्ध तो प्रक्षेप. तेव्हा संहिता-चिकित्सेतील एक जुने सूत्र भरतकाम करणारीने जरूर वापरावे: दोन पाठांतील अवघड पाठ बहुधा अस्सल. उलटे अक्षर उलटेच भरावे. सहावे बोट ठेवावे.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. पोथीच्या शेवटी लेखनिक पुष्कळदा आपले नाव, शक आणि तिथी नोंदवून ठेवी. कापडाच्या कोपऱ्यात मुलाचे नाव आणि वय भरलेले असते, आणि ते योग्यच आहे. जिने आठ-पंधरा दुपारी रिंग हातात धरली, तिचे नाव त्यावर क्वचितच आढळते. तिची खूण आहे ती उलट्या बाजूस, दोऱ्यांच्या गाठींत. आणि चौकट करताना ती बाजू पुठ्ठ्याकडे जाते.